डिझेलच्या टाकीचं झाकण

अप्पांनी ती व्हॅन धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याकडून जुनी घेतली, तेव्हा रंग, टायर, भोंगा आणि पुढच्या काचेवरचं देवाचं नाव एवढं सगळं बारकाईनं तपासलं. इंजिन तेवढं राहून गेलं. पुढच्या दोन सीटांच्या मधला पत्रा उचलला की आतून मिरचीची धूळ उठायची आणि घेणारा, विकणारा, मध्यस्थ असे तिघंही शिंकत सुटायचे. तिसऱ्या शिंकेला व्यवहार ठरला. ‘गाडी लई पळती’ असं तो व्यापारी म्हणाला होता, आणि अप्पांनी घरी येऊन ते वाक्य आम्हाला अशा आवाजात ऐकवलं, जणू गाडी त्यांनी स्वतः घडवली होती. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, गाडीला ओवाळलं. ओवाळताना तीही शिंकली. त्याचा अर्थ शुभ की अशुभ हे विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणी केलं नाही.

आमचं घर उदगीरला. अप्पांचा धंदा साड्या-चादरींचा, तोही आठवडी बाजारातला. आज जळकोट, उद्या शिरूर अनंतपाळ, परवा सीमेपलीकडचं एखादं गाव, जिथं निम्मं बोलणं कानडीत व्हायचं आणि भाव मात्र मराठीत पाडून मागायचे. पहाटे अप्पांची इष्टलिंगाची पूजा चालायची, स्वयंपाकघरात अव्वाचं भाकरी थापणं, आणि पूजा आटोपली की कपाळावरची विभूती तशीच ठेवून अप्पा गाडी सुरू करायला जायचे. भाकरीची थापथूप आणि इंजिनाची धडधड हे दोन आवाज माझ्या कानात एकमेकांना चिकटूनच बसलेत. आता लातूरच्या फ्लॅटमध्ये सकाळी खालून कुणाची गाडी धडधडली की मला आधी शेंगाच्या चटणीचा वास येतो. डॉक्टरला सांगितलं, तर तो म्हणाला या वयात होतं असं. या वयात काय होत नाही याची एक यादी त्यानं कधीतरी द्यावी.

वर्षभर गाडी शहाण्यासारखी चालली. मग तिनं दम सोडायला सुरुवात केली. बंद पडायची नाही, बंद पडली असती तर बरं झालं असतं. चांगली चाललेली असताना मधेच तिचा जोर जायचा. अप्पा पाय दाबून धरायचे, इंजिन कण्हत राहायचं आणि मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढं निघून जायचा. मग अप्पा गाडी कडेला घ्यायचे. डिझेलचा काटा मिरचीवाल्याच्या काळापासूनच मेलेला, म्हणून टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून बघायचे. डिझेल असायचं. थोडं थांबून निघालं, की गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी पळायची. कधी आठ दिवस काही व्हायचं नाही, कधी एका दिवसात तीनदा. आणि गॅरेजात नेली की ती इतकी गोड वागायची, की खोटारडे आम्हीच ठरायचो.

या दुखण्याचे पहिले तज्ज्ञ म्हणजे मन्मथकाका. अप्पांचे बालमित्र, किराणा दुकानदार. त्यांच्याकडे स्कूटर होती, त्यामुळं जगातली यच्चयावत इंजिनं त्यांना कळत. आमच्या ओट्यावर बसून, अव्वाच्या हातचा दुसरा चहा पीत ते निदान करायचे. पहिल्या आठवड्यात ‘फिल्टर’ म्हणाले, फिल्टर बदलला. मग ‘नोझल’ म्हणाले, नोझल साफ झाले. मग पंप खोलला, सायलेन्सर उतरवून झटकला, एअर क्लीनर धुतला. गाडी दम सोडतच राहिली. शेवटी काकांनी नजर लागल्याचं सांगितलं, आणि समोर लिंबू-मिरची बांधली गेली. ज्या गाडीच्या पत्र्यापत्र्यात मिरची मुरलेली होती, तिला आणखी सात मिरच्यांनी काय फरक पडणार होता, हे मी विचारलं. त्यावर अप्पा म्हणाले, “पोरींनी मोठ्यांच्या मधे बोलू न्हाई.”

गॅरेजवाला गफूर उस्ताद तेवढा एकटा माणूस, ज्यानं ‘मला माहीत नाही’ असं सांगितलं. मूळ रंग विसरलेली बनियन घालून तो गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “अप्पा, जब दुखता तबीच लाव ना. अच्छी रहती तब लाके क्या दिखारे मेरेकू?” अप्पांना हा अपमान वाटला. मी सोबत होते, बारावी सायन्सचं वर्ष. उस्ताद माझ्याकडं वळला. “बेटी, तू पढनेवाली है. कब होरा, कितना चलने के बाद होरा, क्या करे तो ठीक होरा, सब लिखके रख. दवाखानेमें भी पैले पूछतेच ना.”

घरी आल्यावर मी भौतिकशास्त्राच्या वहीची मागची पानं उलटी करून रकाने आखले. गाव, किती वेळ चालली, चढ की सपाट, ऊन की पाऊस, डिझेल किती, काय केलं, सुधारली का. अप्पा बाजारातून आले की मी वही घेऊन समोर बसायची आणि ते वैतागून उत्तरं द्यायचे. अव्वा चुलीपाशी बसून ऐकायची आणि मधेच म्हणायची, “तुमच्या तब्येतीचं इतकं कुणी विचारलंय का कधी?” हल्ली माझ्या भाच्याच्या गाडीला मेकॅनिक एक वायर लावतो, मोबाईलसारख्या डबीवर काहीतरी उमटतं आणि तो सेन्सर बदलतो. दुसऱ्या महिन्यात दुसरा सेन्सर बदलतो. मन्मथकाकांचाच वंश तो, फक्त चहा न पिणारा.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच रकान्यात लिहिली नव्हती. गाडीच्या दुखण्याची अप्पांना हळूहळू सवय झाली होती, आणि सवयीपेक्षाही जास्त काहीतरी. नको त्या सोयरिकीच्या कार्यक्रमाला जायचं नसलं, की गाडी दम सोडती. धाकट्या काकांकडं वाटणीचं बोलायला जायचं असलं, की गाडीचा भरवसा न्हाई. बाजाराला मात्र ती बिनभरवशाची गाडी न चुकता जायची. इतकं सोयीचं आजारपण आमच्या नात्यातल्या कुठल्याच सुनेला कधी लाभलं नाही.

मग माझा निकाल लागला. मार्क इतके पडले, की मन्मथकाकांनी पेढा खाताना “पेपर सोपे आले असतील” असं म्हणून पाहिलं. मी नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात अर्ज टाकला होता, अव्वाला सांगून आणि अप्पांच्या कानावर घालून. कानावर घालणं म्हणजे ते पेपर वाचत असताना बोलणं. मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. वडिलांनी सोबत यायचं होतं, सकाळी अकराला हजर राहायचं होतं, आणि न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. तिकडं निलंग्याच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली होती. मुलाचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या आईला बारावी पुरेशी वाटत होती. अप्पा दोन्ही गोष्टींवर काहीच बोलले नाहीत. अव्वाच बोलली. “आधी नांदेड करून या. निलंगा कुठं पळून चाललंय?”

अप्पांनी नाही म्हटलं नाही. उलट आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून आणली. आणि गाडीनं दगा दिलाच तर जाणकार माणूस जवळ असावा, म्हणून मन्मथकाकांना बरोबर घेतलं. सकाळी साडेसहाला निघालो. अव्वानं धपाटे बांधून दिले आणि माझ्या हातात प्रमाणपत्रांची पिशवी देताना एवढंच म्हणाली, “आलीस की सांग काय झालं ते.” काका पुढं अप्पांजवळ, मी मागं चादरींच्या गठ्ठ्यावर. भुरभुर पाऊस होता, शेतांत सोयाबीन टीचभर आलं होतं. जळकोटपर्यंत गाडी सुरेख चालली. काका म्हणाले, “बघ शिवलिंगअप्पा, मी बसलो की गाडी कशी सरळ चालती.” हे वाक्य संपून फार तर दहा मिनिटं झाली असतील. इंजिन कण्हायला लागलं.

अप्पांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. पाऊस लागत होता म्हणून कुणी खाली उतरलं नाही. काकांनी बसल्या बसल्या फिल्टर, नोझल आणि पंप यांची उजळणी केली. अर्ध्या तासानं अप्पांनी पुन्हा गाडी काढली. ती दीडशे पावलं गेली आणि पुन्हा तेच. असं दोनदा झालं. मग अप्पांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

“परत फिरावं लागल,” ते म्हणाले. “नांदेडपतूर दम न्हाई हिच्यात. हळूहळू घरी तरी जाईल.”

मी आरशातून त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर नाराजी शोधली. बराच वेळ शोधली.

“मी एस.टी.नं जाते,” मी म्हणाले.

“एकटी?”

“तुम्ही या सोबत. काका गाडीपाशी बसतील.”

काकांना ही सूचना रुचली नाही. “आता एस.टी. कवा येणार, आन् तिथं कवा पोचणार? जाऊ दे नंदे. पोरीच्या जातीला यंत्रं शिकून करायचं काय?” ज्या माणसाला स्कूटरचा प्लग कुठं असतो हे दरवेळी गॅरेजवाल्याला विचारावं लागायचं, तो हे म्हणत होता. अप्पांनी किल्लीला हात घातला.

“दोन मिनिटं थांबा,” मी म्हणाले आणि पिशवीतून वही काढली. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही सुचलेलं नव्हतं. रडू नये म्हणून डोळ्यांना काहीतरी वाचायला हवं होतं. मी रकाने वरून खाली वाचत गेले. चढावरही झालं होतं, सपाटीवरही. उन्हात, पावसात, रिकाम्या गाडीला, भरल्या गाडीला. पण डिझेलच्या रकान्यात एक विचित्र गोष्ट दिसली. टाकी निम्मी असताना गाडी तास-दीड तास टिकायची. टाकी भरलेली असली, की अर्ध्या-पाऊण तासातच जायची. जास्त डिझेल, जास्त आजार. आणि ‘काय केलं’ या रकान्यात जिथं गाडी सुधारली, तिथं दरवेळी एकच ओळ होती. काठीनं डिझेल पाहिलं. काठीनं डिझेल पाहिलं. फक्त दोनदा ती ओळ नव्हती. एकदा शिरूर अनंतपाळला मुसळधार पावसात अप्पा आतच बसून राहिले होते, एकदा काठी घरी विसरले होते. त्या दोन्ही वेळा गाडी सुधारली नव्हती, कशीबशी ओढत आणली होती. आज तिसरी वेळ.

अव्वा तेलाचा पत्र्याचा डबा फोडायची, तेव्हा खिळ्यानं नेहमी दोन भोकं पाडायची. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, एकातून तेल येत नाही का? “एकातनं तेल येतं,” ती म्हणाली होती, “दुसऱ्यातनं वारं जातं. वारं गेलं न्हाई तर तेल अडतं.” बारावीच्या पुस्तकात हेच चार पानं आणि दोन आकृत्या घेऊन सांगितलं होतं, आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

“अप्पा, टाकीचं झाकण उघडा.”

“डिझेल फुल हाय. काल भरलंय. काय बघायचं त्यात?”

“बघू नका. नुसतं उघडा.”

“पाणी जाईल आत,” काका म्हणाले. “डिझेलमधी पाणी गेलं की इंजिन गेलं.”

मी खाली उतरले. झाकण इतकं घट्ट बसलं होतं, की हातानं फिरेना. ओढणी गुंडाळून जोर लावला. ते सुटलं आणि टाकीनं लांबलचक आवाज करत वारा आत ओढला. अप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. आवाज त्यांनीही ऐकला. मी झाकण पुन्हा लावलं आणि गठ्ठ्यावर येऊन बसले. गाडी निघाली ती नव्यासारखी.

“थांबल्यानं थंड झाली,” काका म्हणाले.

“झाकण घट्ट लावलंय,” मी म्हणाले. “थोड्या वेळात परत मरेल.”

कंधारच्या अलीकडं ती मेली. मी सांगितलेलं घरात कुणी ऐकत नव्हतं, गाडीनं ऐकलं. या वेळी अप्पा स्वतः उतरले. झाकण उघडलं, तोच आवाज. मी त्यांच्या हातातून झाकण घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. वरच्या बाजूला सुईच्या जाडीचं भोक असायला हवं होतं, त्या जागी करड्या रंगाचा दगडासारखा गोळा बसला होता. हार्डवेअरच्या दुकानात दोन रंगांचा मसाला मिळतो, मळून लावला की दगड होतो, तो. आतून सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली होती. काम फार निगुतीनं केलेलं होतं.

“हे कुणी बुजवलं?” मी विचारलं.

“त्या मिरचीवाल्यानं,” काका आतूनच म्हणाले.

अप्पा पावसात उभे होते. विभूती ओघळून भुवईपर्यंत आली होती. “म्या,” ते म्हणाले.

वळणावर त्या भोकातून डिझेल उडायचं, वास मागं गठ्ठ्यांना लागायचा, आणि शिरूरच्या बाजारात एक बाई साडी नाकाला लावून परत ठेवून गेली होती. अप्पांनी त्याच दिवशी मसाला आणून बंदोबस्त केला होता. त्यानंतर फिल्टर, नोझल, पंप, सायलेन्सर, लिंबू आणि मिरची. वर्षभर सगळं गाव इंजिनात डोकं घालून बसलं होतं आणि गाडीचा आजार अप्पा दरवेळी स्वतःच्या हातात धरून, पुन्हा घट्ट लावून ठेवत होते. मला हसू आलं असतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि आलं नाही. मी पिशवीतल्या रुमालाची घडी टाकीच्या तोंडावर ठेवली, वरून सुतळी बांधली आणि झाकण चादरींच्या गठ्ठ्यात टाकलं.

“मी तेच म्हणत होतो,” काका म्हणाले. “वाऱ्याचा प्रॉब्लेम हाय म्हणून.” नांदेडपर्यंत त्यांनी तीन धपाटे खाल्ले.

पोचलो तेव्हा माझं नाव पुकारून झालं होतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्या हातांवरच्या काळ्या डागांकडं पाहिलं आणि उशीर का झाला ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टाकी भरलेली असताना लवकर का व्हायचं ते विचारलं. मी तेही सांगितलं, वरती हवा कमी असते म्हणून. ते जरा हसले आणि म्हणाले, यंत्र शाखा भरली, स्थापत्यची एक जागा आहे. इथं मी यंत्र अभियंता झाले असं लिहायला मला फार आवडलं असतं, प्रकरण त्यानं किती सुबक झालं असतं. मी स्थापत्यला गेले आणि पुढची तीस वर्षं कालव्यांच्या गळत्या मोजल्या.

पण त्याआधी सही होती. क्लार्कनं फॉर्म पुढं केला, पालकांनी इथं. अप्पांनी खिशातलं पेन काढलं, कागदावर टेकवलं, उचललं, झटकलं. “उमटंना झालंय,” म्हणाले. क्लार्कनं मान वर न करता स्वतःचं पेन सरकवलं. अप्पांनी तेही टेकवलं आणि उचललं. “हे बी न्हाई.”

मी वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. “इथं गिरवून बघा, अप्पा.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग एका पेनानं रेघ मारली, मग दुसऱ्यानं. दोन्ही रेघा ठळक उमटल्या. मागं रांगेतला कुणीतरी खाकरला. अप्पा त्या दोन रेघांकडं बघत बसले.

“लई लांब हाय गं नांदेड,” ते हळूच म्हणाले. हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाले होते.

“तीन तासांचं हाय,” मी म्हणाले. “आता गाडी चालती.”

त्यांनी सही केली. अप्पांची सही लांब असायची, सगळं नाव, बापाचं नाव, गाव. प्रत्येक अक्षर त्यांनी कोरून काढलं. क्लार्क जेवायला उठण्यासाठी अर्धवट खुर्चीतून वर झाला होता, तो तसाच ताटकळत राहिला.

परतीच्या वाटेवर काका झोपले. दिवेलागणीला घरी पोचलो. अव्वा दारातच उभी होती. तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, तिला हवं ते कळलं, आणि मग तिनं अप्पांना विचारलं, “बंद पडली का गाडी?”

काका ओट्यावर टेकून सांगायला सुरुवात करणार होते. पुढं कितीतरी वर्षं त्यांनी ते सांगितलंही, त्यात झाकण त्यांनी उघडलं होतं. अप्पाही पुढं सांगायचे. आधी ‘आम्ही शोधून काढलं’ म्हणायचे, माझ्या लग्नापर्यंत ते ‘मी काढलं’ झालं होतं, आणि जावयांसमोर मी कधी दुरुस्ती केली नाही. पण त्या संध्याकाळी काकांनी तोंड उघडायच्या आत अप्पांनी चपला काढल्या, माझ्याकडं न बघता बोट केलं आणि अव्वाला म्हणाले, “पडली. हिनं काढलं काय व्हतं ते.” आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेले.

अव्वानं तवा चढवला.